मुलगी प्रश्न वाचत नाही, पोपटाचं तोंड वाचते : ऑनलाइन अभ्यासातली आणि चाचणीतली कार्टून पात्रं

ऐरोलीची_आई | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. बरेच महिने वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

लेक तिसरीत आहे, सेमी इंग्रजीला. मी महापेला नोकरी करते, घरी पोचायला साडेसात वाजतात. म्हणून जूनमध्ये तिच्यासाठी अभ्यासाच्या एका ॲपची वर्षभराची वर्गणी भरली. नाव लिहीत नाही. त्यात चष्मा लावलेला हिरवा पोपट आहे. तो धडा समजावतो, गोष्टी सांगतो आणि दर रविवारी दहा प्रश्नांची चाचणी घेतो. लेकीला दर रविवारी नऊ, नाहीतर दहा. मी खूश होते.

परवा शाळेतून घटक चाचणीचा पेपर घरी आला. गणितात वीसपैकी आठ. हातच्याची वजाबाकी सगळी चुकलेली. त्याच वजाबाकीत मागच्या रविवारी पोपटाने दहापैकी दहा दिले होते.

म्हणून आज चाचणीच्या वेळी तिच्या शेजारी बसले. मधे बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवून. ५२ वजा २७, खाली चार पर्याय. तिने प्रश्नाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या पर्यायावर बोट टेकवलं, तसंच दाबून ठेवलं आणि नजर वर, पोपटाकडे. मग बोट न उचलता बाजूला घसरवलं. दुसऱ्या पर्यायावर टेकवलं, परत वर बघितलं. तिसऱ्यावर टेकवलं आणि या वेळी उचललं. टाळ्या, चांदण्या, नाणी.

विचारलं, हे काय करतेस गं? अगदी सहज म्हणाली, "आई, तो डोळे मोठे करतो ना, ते बरोबर असतं."

यात काही लबाडी आहे हे तिच्या गावीही नाही. चाचणी अशीच द्यायची असते असं तिला वाटतं. मी जुन्या कॅलेंडरच्या पानाचा तुकडा कापून टॅबवर पोपटाच्या जागी चिकटवला आणि परत चाचणी द्यायला लावली. दहापैकी तीन. मग रडायलाच लागली. "तो दिसत नाही तर मला येत नाही."

हे वाक्य ऐकून काळजात चर्र झालं. या पात्रांचा खरंच काही उपयोग असतो का? की पोरं नुसती खिळून राहावीत म्हणून ती ठेवलेली असतात? चाचणीत ती असावीत का? ज्यांची मुलं अशी ॲप्स वापरतात, जे शिकवतात, जे ही पात्रं बनवतात, त्या सगळ्यांनी कृपया लिहा.

---

कळव्याच्या_बाई | रविवार, रात्री ११:०५

ताई, आधी एक करा, लेकीला जवळ घ्या आणि तिचं काही चुकलं नाही हे सांगा. मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, बावीस वर्षं झाली. मुलं माझंही तोंड वाचतात. मी विचारते "सात आठे?" आणि पोरगा म्हणतो "चौपन्न..." माझी भुवई हलते, लगेच "छप्पन्न!" हे पहिल्या वर्षीच लक्षात आलं. तेव्हापासून मूल उत्तर देत असताना मी फळ्याकडे तोंड करते किंवा हजेरीपटात बघते. आमच्या जुन्या मुख्याध्यापिका सांगायच्या, विचारताना डोळ्यांत डोळे घालायचे, उत्तर ऐकताना काढून घ्यायचे.

पण सगळी पात्रं वाईट असं म्हणू नका. माझ्याकडे एक मुलगा आला होता, घरी लमाणी बोलणारा. आईवडील नाक्यावर कामाला उभे राहायचे. वर्गात वाचायला उभा केला की बाकीचे हसायचे, आणि तो ओठ आत घेऊन उभा राहायचा. तेव्हा शाळेत दोन टॅब मिळाले होते. त्यांत गूगलचं वाचनाचं ॲप टाकलं. २०१९मध्ये ते 'बोलो' नावाने आलं, पुढच्या वर्षी 'रीड अलाँग' झालं, मराठीतही आलं. त्यात दिया नावाची मुलगी आहे. मूल मोठ्याने वाचतं, दिया ऐकते, अडलेला शब्द म्हणून दाखवते. इंटरनेट नसलं तरी उतरवून घेतलेल्या गोष्टी चालतात, आमच्यासाठी तेच मोठं होतं. हा मुलगा खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसून तिला वाचून दाखवायचा. एकच ओळ दहा-दहा वेळा. तिला कंटाळा येत नाही, ती हसत नाही, मागे चाळीस पोरं बसलेली नसतात. दिवाळीनंतर तो मला वाचून दाखवायला तयार झाला. मग मी त्याला दुसरीच्या एका मुलाला रोज एक पान वाचून दाखवायचं काम दिलं.

माझ्या मते भुवई तर दियालाही आहे. पण ती ऐकत होती, तुमचा पोपट उत्तर सांगत होता.

---

घोडबंदर_रोजचा | सोमवार, सकाळी ७:४०

बसमधून लिहितोय, गायमुखला अडकलोय, म्हणून थोडक्यात. मुलगा बारावीला आहे. जेईई आणि सीईटी दोन्ही देणार. त्या पडद्यावर पोपट नाही, घुबड नाही, कोणी शाब्बास म्हणत नाही. जेईईला उजवीकडे क्रमांकांच्या चौकटी, उत्तर दिलं की हिरवी, बघून सोडलं की लाल, परत बघायचं ठेवलं की जांभळी. वर घड्याळ उलटं पळतंय. तीन तास. चुकलं की एक गुण वजा.

माझ्या मुलालाही आठवीपर्यंत असंच रंगीबेरंगी ॲप होतं. नववीत पहिल्यांदा कोरा पडदा समोर आला तेव्हा तो बावचळला. प्रत्येक उत्तरानंतर थांबायचा, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. ती सवय मोडायला वर्ष गेलं. मी स्पष्टच सांगतो, पात्रं काढून टाका, सगळीच. अभ्यास करमणुकीसाठी नसतो, आणि मुलाला हे जितकं लवकर कळेल तितकं बरं.

---

मासुंदा_काठ | सोमवार, दुपारी २:३०

मी अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. ऐरोलीच्या ताई, तुम्ही कॅलेंडरचा तुकडा चिकटवून जे केलंत ते शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये एका घोड्यावर केलं गेलं होतं. खरंच.

हान्स नावाचा घोडा. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे गणिताचे शिक्षक. बेरीज-वजाबाकी विचारली की घोडा टाप आपटून आकडा सांगायचा आणि बरोबर सांगायचा. १९०४मध्ये तज्ज्ञांची समिती बसली, तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने दोन साध्या गोष्टी केल्या. प्रश्न विचारणारा घोड्याला दिसणार नाही असं केलं, आणि ज्याला उत्तर ठाऊकच नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावला. घोड्याचं गणित संपलं. टापांचा आकडा उत्तरापाशी आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची, तिथे घोडा थांबायचा. १९०७मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणसाच्या बाबतीतही 'क्लेव्हर हान्स परिणाम' हा शब्द आजही वापरतात. घोडा हुशारच होता, फक्त तो गणित करत नव्हता. तुमची लेकही हुशार आहे.

आता पात्रांचा उपयोग असतो का, याबद्दल. या क्षेत्राला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जेम्स लेस्टर आणि सहकाऱ्यांनी हर्मन नावाचा किडा तयार केला होता. मुलांनी हवामान बघून झाडाची मुळं, खोड, पानं निवडायची आणि हर्मन आजूबाजूला उडत सल्ला द्यायचा. १९९७मध्ये त्यांनी १०० शाळकरी मुलांवर हर्मनच्या पाच तऱ्हा तपासल्या, एक अगदी मुका, एक भरपूर बोलणारा-हलणारा, बाकीचे मधले. पात्र पडद्यावर असणंच मुलांना आवडतं, आणि जवळजवळ गप्प असलेलं पात्रसुद्धा मदत करतंय असं त्यांना वाटतं, हे दिसलं. याला 'पर्सोना इफेक्ट' म्हणतात. ॲप विकणारे बहुतेक इथपर्यंतच वाचतात.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. २००१मध्ये रोक्साना मोरेनो, रिचर्ड मेयर आणि लेस्टर यांनीच हर्मनला पडद्यावरून काढून बघितलं, फक्त आवाज ठेवला. शिकण्यात लक्षात यावा असा फरक पडला नाही. उलट तेच सल्ले आवाजाऐवजी नुसते लिहून दाखवले तेव्हा विद्यार्थी मागे पडले. म्हणजे काम करत होता तो आवाज. चेहरा आवडत होता, ते वेगळं.

आणि मेयर यांच्या पुढच्या कामातून असंही दिसत गेलं की पात्र नुसतं उभं राहून डुलत असेल तर त्याचा भरवसा नाही, पण आकृतीत ज्या भागाबद्दल बोलणं चाललंय तिकडे ते हाताने दाखवत असेल तर फायदा होतो. कळव्याच्या बाई, तुम्ही फळ्यावर छडीने दाखवता ना, तेच. मुलाची नजर एका वेळी एकाच ठिकाणी असते. ती नाचणाऱ्या पोपटावर खर्च झाली तर वजाबाकीला उरत नाही.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | सोमवार, रात्री ९:५०

धागा वाचून गप्प बसवेना. मी तुर्भ्याच्या एका स्टुडिओत ॲनिमेटर आहे, नऊ वर्षं. आम्ही अशीच पात्रं बनवतो. तुमचा पोपट आमचा नाही, पण त्याच्याकडून उत्तर कसं फुटतं हे मी खात्रीने सांगू शकतो.

पडद्यावर बोट टेकतं ती एक घटना, बोट उचललं जातं ती दुसरी. उत्तर नोंदवलं जातं उचलल्यावर. म्हणूनच बोट टेकवून बाजूला घसरवलं तर उत्तर धरलं जात नाही, ही चांगली सोय आहे, लहान मुलांचा हात चुकून लागतो. आता पात्राकडे या. ॲनिमेशनमध्ये कुठलीही हालचाल अचानक सुरू करत नाहीत. उडी मारायच्या आधी पात्र थोडं खाली बसतं, हसायच्या आधी डोळे उघडतात. आम्ही त्याला अँटिसिपेशन म्हणतो, शिकायला बसल्यावर पहिल्या महिन्यात हे शिकवतात. आनंदाचा तुकडा वेळेवर सुरू व्हावा, अडखळू नये, म्हणून कुणीतरी प्रोग्रामरने तो बोट टेकल्याबरोबर सुरू केला असणार. म्हणजे बरोबर पर्यायावर बोट टेकलं की डोळे मोठे, आणि टाळ्या बोट उचलल्यावर. मधल्या अर्ध्या सेकंदात उत्तर पडद्यावर उघडं पडलेलं असतं. मोठ्या माणसाला ते दिसत नाही. तिसरीतल्या मुलीला दिसलं.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण तपासतही कोणी नाही. आमच्याकडे पात्र कसं दिसतं यावर चार-चार बैठका होतात. चाचणी चालू असताना पात्राने काय *करू नये* यावर आजवर एकही झाली नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण मीसुद्धा कधी विचारलं नाही.

घोडबंदर दादा, सगळीच काढा म्हणालात त्याच्याशी सहमत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७मधल्या, मदत करायला येणाऱ्या कागदाच्या क्लिपची आठवण आम्हा लोकांना कायम करून दिली जाते. ती २००१च्या आवृत्तीत आपणहून यायची बंद झाली आणि २००७मध्ये गेलीच. लोक क्लिपवर चिडले कारण ती कामाच्या मधे येऊन बोलायची. न विचारता. पात्राला कधी बोलायचं हे कळलं पाहिजे, त्याहून जास्त कधी गप्प बसायचं हे कळलं पाहिजे. ते सांगायचं काम आमचं आहे.

---

ऐरोलीची_आई | मंगळवार, रात्री ८:३५

@फ्रेम_बाय_फ्रेम, तुम्ही लिहिलंत ते आत्ता करून बघितलं. अगदी तसंच आहे. चुकीच्या पर्यायावर बोट दाबून धरलं तर पोपट नुसता डुलत राहतो. बरोबरवर धरलं की डोळे, आणि चष्मासुद्धा किंचित वर जातो. कंपनीला लिहिलंय, व्हिडिओ काढून पाठवलाय.

बाई, तुमचं ऐकून लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, तू पोपटाला बरोबर ओळखलंस, एवढी बारीक गोष्ट मला दिसली नव्हती. हसली. पण वजाबाकीचं काय करू? पोपट झाकला की ती वहीसुद्धा उघडत नाही.

---

नेरूळ_स्टेशन_पूर्व | मंगळवार, रात्री ११:२०

इथे एक वेगळी बाजू मांडते. माझा मुलगा जन्मतः कर्णबधिर आहे, आता सहावीत. कानाला यंत्र आहे, थोडं ऐकू येतं, बाकी तो चेहऱ्यावरून समजून घेतो. @मासुंदा_काठ, तुम्ही "चेहरा आवडतो, काम आवाज करतो" असं लिहिलंत. आमच्या घरी उलट आहे. त्याच्यासाठी चेहरा हीच भाषा आहे.

आणि बहुतेक पात्रांची तोंडं नुसती उघडझाप करतात. आवाज काहीतरी म्हणतोय, ओठ काहीतरी वेगळंच. ऐकणाऱ्या मुलाला फरक पडत नाही. माझा मुलगा त्या ओठांवरून शब्द शोधायचा प्रयत्न करतो, थकतो आणि टॅब उलटा ठेवतो. खाली शब्द लिहून आले असते तर निम्मं काम झालं असतं. ते नसतात, कारण "लहान मुलांना वाचता येत नाही". माझ्या मुलाला सगळ्यात आधी वाचताच यायला लागलं.

खुणा करणारी कार्टून पात्रंही बघितली आहेत. हात बरोबर, चेहरा कोरा. भारतीय सांकेतिक भाषेत भुवया वर गेल्या की तो प्रश्न होतो, चेहरा हे व्याकरण आहे. चेहरा कोरा ठेवून खुणा करणं म्हणजे सगळ्या मात्रा काढून मराठी लिहिणं. जागतिक बधिर महासंघाने २०१८मध्येच सांगितलं होतं की अशा पात्रांनी माणसाची जागा घेऊ नये. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राने १०,००० शब्दांचा कोश केलाय, खऱ्या माणसांचे व्हिडिओ आहेत. मुलगा तोच बघतो.

पण मग चाचणीत चेहरा गप्प ठेवा म्हणाल तर माझ्या मुलाला प्रश्न कसा कळणार, हेही सांगा.

---

मासुंदा_काठ | बुधवार, दुपारी १:१५

@नेरूळ_स्टेशन_पूर्व, तुम्ही अगदी योग्य जागी बोट ठेवलंत, मी सरसकट लिहायला नको होतं. त्या प्रयोगांतली मुलं आवाज ऐकू शकणारी होती. आवाज काम करतो हे त्यांच्यापुरतं खरं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. प्रश्न *विचारताना* चेहरा पूर्ण बोलका असावा, भुवया, ओठ, सगळं, सोबत लिहिलेले शब्द. पर्याय समोर आले की पात्राचं काम संपलं. तिथून पुढे चेहरा प्रत्येक पर्यायाला सारखाच. मुख्याध्यापिकाबाईंचं वाक्य वर आलंच आहे, विचारताना डोळ्यांत डोळे, ऐकताना काढून घ्यायचे. मी ते आज वर्गात फळ्यावर लिहिलं.

चाचणीत पात्र असूच नये असंही नाही. २०१५च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मुलं मिळून प्रश्न कसा सोडवतात हे मोजायचं होतं. खरी मुलं शेजारी बसवली तर कुणाला हुशार जोडीदार मिळेल, कुणाला आळशी. म्हणून संगणकातले साथीदार ठेवले, ते लिखित संवाद साधायचे, काही मुद्दाम चुकीचा सल्लाही द्यायचे. तिथे साथीदाराशी बोलणं हेच मोजायचं होतं, त्यामुळे पात्र लागत होतं. हातच्याची वजाबाकी मोजायला पोपट कशाला?

ऐरोलीच्या ताई, वजाबाकीसाठी एक सुचवते. व्हँडरबिल्ट विद्यापीठात गौतम बिस्वास आणि सहकाऱ्यांनी 'बेटी' नावाचं पात्र केलं. ती शिकवत नाही. मुलांनी *तिला* शिकवायचं. नदीत शेवाळ वाढलं की प्राणवायूचं काय होतं, मासे का मरतात, हे बाण काढून तिला समजावायचं. मग परीक्षा बेटी देते. चुकली तर बेटी चुकली, आपण नाही. पण मुलाला वाटतं, अरे, माझ्यामुळे ही नापास झाली, आणि ते परत धडा उघडतं. स्टॅनफर्डच्या गटाने २००९मध्ये दाखवलं की मुलं स्वतःसाठी शिकतात त्यापेक्षा अशा शिष्यासाठी जास्त वेळ देतात.

त्यासाठी ॲप लागणार नाही. घरात एखादं खेळणं असेलच.

---

घोडबंदर_रोजचा | बुधवार, रात्री १०:०५

वाचतोय सगळं. लमाणी बोलणाऱ्या मुलाचं आणि नेरूळच्या ताईंचं वाचून माझं "सगळीच काढा" मागे घेतो. तो माझ्या मुलाचा अनुभव होता, सगळ्यांचा नाही.

पण एक धरून ठेवतो. परीक्षेचा पडदा जसा असणार तसा सराव किमान शेवटची काही वर्षं मिळायलाच हवा. आणि किती वेळ, हेही बघा. २०२०मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन तासिका, एकेक ३० ते ४५ मिनिटांची. चांदण्या आणि नाणी देणारं पात्र मुलाला दीड तासावर थांबू देत नाही. आमच्याकडे रात्री साडेनऊला ॲपमधून पात्राच्या रडण्याचा आवाज यायचा, "आज आला नाहीस" म्हणून. मुलगा जेवण सोडून धावायचा. ते शिकवणं नव्हतं.

---

नौपाड्याचे_आजोबा | गुरुवार, सकाळी ६:१५

मी ७१ वर्षांचा आहे. बँकेत होतो. नातू जर्मनीत असतो, नातसून जर्मन. तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून हिरव्या घुबडाच्या ॲपवर जर्मन शिकतो आहे, सकाळी फिरून आल्यावर अर्धा तास. आमच्या वेळी चुकलं की हातावर पट्टी बसायची, त्यामुळे चुकायची भीती हाडात मुरली. या वयात चित्रातल्या पात्रांसमोर चुकताना ती भीती वाटत नाही. वरच्या बाईंच्या त्या मुलाचं मला फार जवळून समजलं. मुलांनो, तुमची चर्चा चांगली चालली आहे.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | गुरुवार, रात्री १०:४०

आजोबा, नमस्कार. तुम्ही लिहिलंत म्हणून भाषेचं लिहितो, ते राहिलं होतं.

आमच्याकडे संहिता इंग्रजीतून येते, तिचं हिंदी होतं, हिंदीवरून मराठी. मूल चुकलं की पात्र म्हणतं, "पुन्हा प्रयत्न करा." सात वर्षांच्या मुलाला! ही खिडकी क्रमांक तीनची भाषा झाली. कोणती मावशी, कोणता काका मुलाला असं म्हणतो? "बघू बरं परत", "थांब, एक अंक राहिला वाटतं", "इथपर्यंत बरोबर आलास", असं म्हणतात. मी एकदा हे बदलून दिलं. परत आलं, "एकसमानता हवी" म्हणून. आणि त्याच गोष्टीत वाघ मुलाला "तू" म्हणतो, पोपट "तुम्ही".

आवाज मशीनचा असला तर आणखी गंमत नाही, दुःख आहे. आपला "च" दोन तऱ्हेचा. "चार" वेगळा, गाईचा "चारा" वेगळा. लिहायला एकच अक्षर. मशीन दोन्ही सारखेच म्हणतं आणि मूल तसंच उचलतं. माझी पुतणी "चाक" हा शब्द हिंदीसारखा म्हणायला लागली तेव्हा मी वहिनीला सांगितलं, रोज रात्री तू गोष्ट वाच.

सोमवारी स्टुडिओत हा धागा दाखवणार आहे. निळ्या-लाल शाईत मुद्दे काढून ठेवलेत.

---

कळव्याच्या_बाई | शुक्रवार, संध्याकाळी ५:२०

+१. "इथपर्यंत बरोबर आलास" हे सगळ्यात महत्त्वाचं. वजाबाकीत मूल नेमकं कुठे अडलं हे पर्याय निवडून कळतच नाही. ५२ वजा २७ला ३५ लिहिलं तर मुलाने सातातून दोन वजा केलेत, वरचा-खालचा बघितला नाही, मोठ्यातून लहान काढला. हे दर वर्षी निम्म्या वर्गाचं होतं. पोपटाला ३५ म्हणजे फक्त "चूक" दिसते. मला ३५ दिसलं की कुठून सुरुवात करायची ते कळतं. ताई, लेकीचा घटक चाचणीचा पेपर परत काढा आणि उत्तरं अशी वाचा. काड्या घ्या, दहाचे गठ्ठे बांधा रबर लावून, आणि गठ्ठा *सोडायला* लावा. हातचा म्हणजे सोडलेला गठ्ठा. ते हाताला कळावं लागतं.

---

ऐरोलीची_आई | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, ऑफिसात महिनाअखेर होती.

बाई, पेपर काढला. पाच उत्तरं अगदी तुम्ही म्हणालात तशीच, मोठ्यातून लहान. काड्यांचे गठ्ठे केले. लेकीकडे एक कान तुटलेला कापडी ससा आहे. त्याला वजाबाकी येत नाही असं ठरलं. रोज रात्री जेवण झालं की ती सशाला शिकवते. पहिले दोन दिवस नुसती रागवत होती त्याला, "किती वेळा सांगू!" (हे माझं वाक्य आहे, ऐकून मी आत निघून गेले.) तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच अडलं. बावन्नमधून सात काढायला सुटे दोनच. ससा तिच्याकडे बघतोय आणि ती काड्यांकडे बघतेय. बराच वेळ. मग तिने रबर काढलं.

आज झाकलेल्या पोपटासह चाचणी दिली. दहापैकी सहा. खऱ्या सहा. वहीत करून मग पर्याय निवडत होती. चुकलेल्या चारांतल्या दोन ठिकाणी गठ्ठा सोडला पण सोडल्याचं विसरली, दशक कमी केलं नाही. त्याचं पुढच्या आठवड्यात बघू.

कंपनीचं उत्तर आलं, आभार मानलेत, आणखी काही नाही. वर्गणी मार्चपर्यंत आहे. गोष्टी आणि धडे चालू ठेवलेत, पोपट धडे चांगले समजावतो हे खरंच आहे.

कॅलेंडरचा तुकडा अजून टॅबवर आहे. त्यावर तिने स्केचपेनने पोपट काढलाय, डोळे मिटलेला. म्हणाली, "आता तो बघत नाहीये, तू कर म्हणतोय."

---

फ्रेम_बाय_फ्रेम | रविवार, रात्री ११:१०

ताई, हे वाचून मी खुर्चीतून उठलो.

आमच्याकडे दोन बैठका झाल्या. आनंदाचा तुकडा आता बोट उचलून उत्तर नोंदल्यावरच सुरू होतो, त्याआधी नाही. चाचणीत पात्राची नजर बोटामागे फिरायची ती बंद केली. निकाल दहाही प्रश्न संपल्यावर एकदम. "पुन्हा प्रयत्न करा" अजून तसंच आहे, त्यावर भांडतोय. एकच प्रश्न अडला होता, चाचणी चालू असताना पात्राने करायचं काय? एकदम गायब केलं तर लहान मुलं घाबरतात, नुसतं ताठ उभं ठेवलं तर ते रागावल्यासारखं दिसतं. तुमच्या लेकीने ते सोडवलं. डोळे मिटून बसलेला, शांत. मी उद्या तसं काढून बघू का? तिला विचाराल?

---

नेरूळ_स्टेशन_पूर्व | सोमवार, सकाळी ८:०५

चित्र फार आवडलं. पण काढायच्या आधी एक ऐका. माझ्या मुलासमोर कुणी डोळे मिटले तर त्याला वाटतं, मला तुझ्याशी बोलायचं नाही. भांडण झालं की त्याच्यासारखी मुलं असंच करतात एकमेकांना. मिटायच्या आधी पोपटाने काहीतरी सांगायला हवं, हाताने, "आता तुझी पाळी" असं. आणि शब्द प्रश्नाच्या खाली द्या, पोपटाच्या तोंडाशी नको, नजर दोन ठिकाणी पळते.

---

फ्रेम_बाय_फ्रेम | सोमवार, सकाळी ८:३२

लिहून घेतलं. आधी हात पुढे, मग डोळे. शनिवारी सकाळी कच्चं काम तयार असेल, नेरूळला येऊन तुमच्या मुलाला दाखवलं तर चालेल का? त्याला समजलं नाही तर परत काढतो.

---

नेरूळ_स्टेशन_पूर्व | सोमवार, सकाळी ८:५०

या. अकरानंतर या, शनिवारी त्याची अर्धी शाळा असते. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवते.

---

ऐरोलीची_आई | सोमवार, सकाळी ९:०४

लेकीला विचारलं. हो म्हणाली. चष्मा मात्र ठेवा म्हणतेय, डोळे मिटले तरी.